वृक्षगुरू आणि आपला कॅमेरा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

(दत्तजयंती सप्ताहात ट्रॉम्बे येथे झालेल्या प्रवचनाचे लेखी रूप)

सज्जनहो, मार्गशीर्षातली पौर्णिमा जवळ आली की आपल्या ट्रॉम्ब्यात, मानखुर्दला, अणुशक्तीनगरात घरोघरी श्रीगुरुचरित्राची पोथी उघडते. सात दिवसांचं पारायण, सोवळं-ओवळं, एकभुक्त राहणं, सगळं आपण जमेल तसं सांभाळतो. गेल्या वर्षी सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि कॉलेजातली तीन-चार मुलं माझ्याजवळ येऊन बसली. एकाने फोन पुढे केला. म्हणाला, "काका, हे बघा." चष्मा लावून बघतो तर झाडांचे फोटो! वड, उंबर, चिंच, पर्जन्यवृक्ष, खाडीकडची तिवरं. दर रविवारी हिंडायचं, जुनी झाडं शोधायची आणि त्यांचे फोटो काढायचे, हा त्यांचा छंद. फोटो खरोखरच सुंदर होते. मग त्याने हळूच विचारलं, "काका, आई रागावते. म्हणते, पारायणाला बसत नाहीस आणि झाडांच्या मागे फिरतोस. झाडाचा फोटो काढणं ही भक्ती होत नाही का?"

त्या वेळी मी "होते की बाळा" म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही मनातून जाईना. वर्षभर तो माझ्याबरोबर फिरला. आज त्याच प्रश्नाला धरून चार शब्द बोलतो. आणि बोलता बोलता माझीही एक चूक तुमच्यापुढे ठेवणार आहे.

आधी मूळ पाहू. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांची भेट आहे. नाथमहाराजांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि शके 1495 मध्ये, म्हणजे इ.स. 1573 साली, काशीक्षेत्रात ती पूर्ण केली. यदूला वाटेत एक अवधूत दिसतो. अंगावर काही नाही, पदरी काही नाही आणि तोंडावर तेज असं की राजाने थांबावं. राजा विचारतो, महाराज, सगळं जग कामलोभाच्या वणव्यात होरपळतंय आणि तुम्ही गंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या हत्तीसारखे गार कसे? हा अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभू, असं आपली परंपरा मानते. प्रभूंनी उत्तर दिलं, राजा, मी चोवीस गुरू केले.

त्यात पहिलं नाव पृथ्वीचं. आणि पृथ्वी सांगताना प्रभू तिच्यावरचा डोंगर आणि झाड वेगळं काढून दाखवतात. आपलं सगळं करणं दुसऱ्याकरिता असावं, हे डोंगराकडून शिकावं. आणि झाडाचं शिष्य होऊन शिकावं की आपण दुसऱ्याच्या हाती आहोत. कोणी फांदी तोडली, कोणी मुळासकट उचलून दुसरीकडे नेऊन लावलं, तरी झाडाची तक्रार नाही. इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा मंडळी, पुढे ती लागणार आहे. प्रभूंनी औदुंबर म्हटलं नाही, पिंपळ म्हटलं नाही. नुसतं झाड म्हटलं.

भागवताच्या दहाव्या स्कंधात भगवान श्रीकृष्ण गोपाळांना वृंदावनातली झाडं दाखवतात. उन्हाळ्याचे दिवस आहेत, पोरं सावलीला आली आहेत. देव म्हणतात, बघा यांचं जिणं, सगळं दुसऱ्यासाठी. आणि मग काय काय देतात ते मोजतात. पान, फूल, फळ, सावली इथपर्यंत तुम्ही-आम्हीही मोजू. देव पुढे जातात. मूळ, साल, लाकूड, सुगंध, डिंक, राख, कोळसा, कोवळा कोंब. डिंकापर्यंत आणि राखेपर्यंत झाड ज्याला ठाऊक आहे, त्याने ते जवळ जाऊन, पुष्कळ वेळ पाहिलेलं असणार. आता आपण आपल्याला विचारू. आपल्या गल्लीतलं जे सगळ्यात जुनं झाड आहे, त्याची साल कशी आहे, आठवते? खडबडीत की गुळगुळीत? नाव तरी माहीत आहे? तीस वर्षं त्याच्याखालून जातोय आपण.

म्हणून मी त्या मुलाला आज सांगेन, बाळा, तुझा कॅमेरा तुला थांबायला शिकवत असेल तर तो चांगलाच आहे. नव्वद माणसं झाडाखालून जातात आणि तू थांबतोस. हे थांबणं म्हणजेच दर्शनाची पहिली पायरी.

पण प्रभूंच्या त्या चोवीस गुरूंत आणखी तिघे आहेत, ते फोटो काढणाऱ्याने जरूर भेटावेत असे.

पहिला पतंग. दिव्याचं रूप पाहून झेपावतो आणि जळतो. नुसत्या रूपाला भुलणं म्हणजे काय, ते प्रभू त्याच्याकडून शिकले. आपलंही तसं होतं. गुलमोहर फुलला की सगळे धावतात. पान झडलेल्या काळवंडलेल्या झाडाकडे कोण बघतं? बुंध्याला कीड लागलीय, मुळाशी सिमेंट घट्ट बसलंय, ते फोटोत येऊ नये म्हणून आपण फोन वर धरतो.

दुसरी मधमाशी. तिच्याकडून प्रभूंनी दोन गोष्टी घेतल्या. मधुकर फुलाफुलातून थोडं थोडं सार घेतो, तसं सार घ्यावं, ही एक. आणि साठवू नये, ही दुसरी. मधमाशी जन्मभर साठवते आणि मध काढणारा येऊन एका घटकेत नेतो, तीही जाते. आपल्या फोनमध्ये किती हजार फोटो आहेत? त्यातले पुन्हा उघडून किती पाहिले? फोन बिघडला की माणूस रडतो, सगळं गेलं म्हणून. अरे, झाड तर जागेवरच आहे! जाऊन बघ.

तिसरा बाण करणारा कारागीर. बाणाचं टोक सरळ करण्यात तो इतका रंगला होता की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, त्याला पत्ता नाही. प्रभू त्याच्याकडून एकाग्रता शिकले. चांगला फोटो काढणाऱ्याची ही अवस्था मी पाहिली आहे. पानांतून ऊन कसं उतरतंय ते पाहत पोरगा अर्धा अर्धा तास उभा असतो. डासांचं भान नाही, भुकेचं नाही. आपली माळ फिरत असते आणि लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असतं. आईला म्हणावं, तुझ्या पोराला बाणकऱ्याची दीक्षा मिळाली आहे, आता तिला नामाची जोड द्यायची तेवढी राहिली.

आता युक्तीची एक गोष्ट सांगतो, ती मला त्या मुलांकडूनच कळली. मी विचारलं, एवढं मोठं झाड एवढ्याशा चौकटीत बसवता कसं? ते म्हणाले, काका, फोन खिशातच ठेवायचा आणि आधी झाडाभोवती एक फेरी मारायची. कुठून बुंधा दिसतो, कुठून पसारा दिसतो, ऊन कुठल्या बाजूचं आहे, ते बघायचं. सकाळचं तिरपं ऊन असलं की सालीच्या सुरकुत्या उठून दिसतात. शेजारी एखादं माणूस उभं केलं की झाड केवढं आहे ते कळतं. आणि बुंधा नीट घ्यायचा तर गुडघ्यावर बसावं लागतं. मी म्हटलं, अरे, ही तर प्रदक्षिणा झाली! आणि गुडघ्यावर बसलास तो नमस्कार झाला. आपल्या आज्या औदुंबराला फेऱ्या घालत होत्या, त्यांना झाडाची चारही अंगं पाठ होती. कुठली फांदी वाळली, यंदा फळ कमी का, पहिलं त्यांना कळायचं. आपण आकडा पुरा करायच्या नादात तोंडाने मंत्र म्हणतो आणि डोळे जमिनीला. अकराच प्रदक्षिणा घाला, पण झाडाकडे बघत घाला.

आता आपल्या गावाकडे वळू. तुर्भ्याचा हा डोंगर लहानपणापासून आपल्या डोळ्यांपुढे आहे. 1954 साली इथे अणुशक्तीचं केंद्र उभं राहिलं. 4 ऑगस्ट 1956 रोजी अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. डॉ. होमी भाभा गेल्यावर 1967 पासून त्या केंद्राला त्यांचं नाव आहे. भाभा जसे शास्त्रज्ञ तसे चित्रकार, आणि झाडांचे मोठे वेडे. बांधकामाच्या आड येणारं मोठं झाड कापण्याऐवजी ते मुळासकट उचलून दुसरीकडे लावायला लावत, असं त्यांच्या आठवणींत सांगितलं जातं. अवधूतांनी म्हटलेलं झाड आठवा. दुसऱ्याने उचलून नेलं तरी तक्रार न करता तिथे रुजणारं. पण उचलणारा हात तसा असावा लागतो मंडळी! मुळाभोवतीची माती सांभाळणारा.

आणि गंमत बघा. त्या कुंपणाच्या आत फोटो काढायला बंदी आहे. देशाच्या सुरक्षेचं ठिकाण ते, बंदी योग्यच आहे. म्हणजे आपल्याच उशाशी असलेल्या त्या झाडांचं आपल्याला चित्र घेता येत नाही. सकाळी त्या डोंगरावर कोवळं ऊन पडतं, पावसाळ्यात तो हिरवागार होतो, तेव्हा फक्त बघायचं. खिशात हात घालायचा नाही. मला वाटतं, दत्तप्रभूंनी आपल्या ट्रॉम्बेकरांना हा एक नेम मुद्दाम घालून दिला आहे. काही सौंदर्य नेण्यासाठी नसतं, तिथल्या तिथे हात जोडण्यासाठी असतं.

उंबराचंही तेच आहे. दुर्मिळ माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. फूल नसतं असं नाही. उंबराचं फळ म्हणून जे दिसतं, त्याच्या आतल्या अंगाला शेकडो बारीक फुलं असतात. टोकाच्या चिमुकल्या छिद्रातून सूक्ष्म कीटक आत शिरतात आणि परागाचं काम आतल्या आत होतं. बाहेरून कॅमेरा लावा, नाहीतर दुर्बीण लावा, फुललेलं झाड म्हणून उंबर दिसणार नाही. फळं मात्र थेट बुंध्याला लगडलेली. पोपट खातात, खारी खातात, रात्री वटवाघळं येतात. फुलणं झाकून ठेवावं आणि फळ सगळ्यांच्या हाताशी ठेवावं, हा औदुंबराचा स्वभाव. श्रीगुरुचरित्राच्या एकोणिसाव्या अध्यायात कथा आहे, हिरण्यकशिपूला विदारल्यावर नृसिंहांच्या नखांचा दाह औदुंबराच्या फळांनी शमला. दाह शमवणारं झाड म्हणून गुरूंनी ते आपलं केलं. कृष्णाकाठी औदुंबर क्षेत्री चातुर्मास केला, वाडीला बारा वर्षं राहिले, तिथेही औदुंबरच.

आता माझी चूक सांगतो. सांगताना लाज वाटते, पण व्यासपीठावर बसून दुसऱ्यालाच उपदेश करायचा हे बरं नव्हे.

आमच्या घराजवळ मैदानाच्या कोपऱ्यावर एक पर्जन्यवृक्ष होता. काही जण त्याला विलायती शिरीष म्हणतात. झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पण मुंबईच्या रस्त्यांवर इतकं रुळलंय की परकं वाटत नाही. उन्हाळ्यात गुलाबी झुबके, संध्याकाळ झाली की पानं मिटून घेणार, जणू सांजवात झाली म्हणून हात जोडले. सकाळी दूध आणायला जाताना मी रोज त्याचा फोटो काढायचो. त्यावर "सुप्रभात, श्रीगुरुदेव दत्त" असं लिहून ग्रुपवर टाकायचो. पन्नास-साठ जण हात जोडल्याचं चिन्ह पाठवायचे. मला बरं वाटायचं.

एके दिवशी बुंध्यावर एक पांढरा कागद चिकटवलेला दिसला. फोटोत तो फार खुपत होता. मी काय केलं? दोन पावलं डावीकडे सरकलो. कागद बुंध्याच्या आड गेला, फोटो सुरेख आला. असे बरेच दिवस मी डावीकडून फोटो काढले.

मग एका सकाळी करवतीचा आवाज आला. मी पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. दुपारपर्यंत तिथे आकाशच आकाश झालं. घरी येऊन फोन उघडला आणि जुने फोटो चाळत बसलो. पहिल्या दिवशीच्या एका फोटोत कागदाचा कोपरा आला होता. मोठा करून पाहिला. झाड तोडण्याची नोटीस होती ती. कोणाची हरकत असेल तर मुदतीत कळवावी, असं लिहिलेलं होतं. मुदत केव्हाच संपली होती.

मी हरकत घेतली असती तर झाड वाचलंच असतं, असं मी म्हणत नाही. तिथे जे बांधायचं होतं त्याचीही कोणाला गरज असेल. निदान झाड हलवा, निदान दोन फांद्यांवर भागवा, एवढं तरी विचारता आलं असतं. पण मी रोज तिथे उभा होतो, हातात कॅमेरा होता, त्यावर गुरूंचं नाव लिहीत होतो आणि मीच ते वाचलं नाही. शेजारच्या आजींना त्या संध्याकाळी मी फोटो दाखवायला गेलो. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि एवढंच म्हणाल्या, "फोटो छान काढलास रे. उन्हाळ्यात कधी पाणी घातलंस का?"

मला उत्तर देता आलं नाही.

मंडळी, तिथे औदुंबर असता, त्याला सूत गुंडाळलेलं असतं, खाली पादुका असत्या, तर अख्खी गल्ली जमली असती. उंबराला कुऱ्हाड लावायला माणूस आजही कचरतो. त्या पर्जन्यवृक्षाला सूत नव्हतं, म्हणून तो कोणाचाच नव्हता. आणि प्रभूंनी तर नुसतं झाड म्हटलं होतं! मी पोथीत वाचलं होतं, दहा प्रवचनांत सांगितलंही होतं.

असंच मे 2024 मध्ये सांताक्रूझला एस. व्ही. रोडवरचं जुनं गोरखचिंचेचं झाड मेट्रोच्या कामात गेलं. आफ्रिकेतून आलेलं हे झाड, पण आपल्या लोकांनी त्याला गोरक्षनाथांचं नाव दिलं. नवनाथांची परंपरा दत्तप्रभूंपर्यंत पोचते, म्हणजे तेही आपल्या घरचंच. त्याचे फोटो पुष्कळांकडे आहेत. आता फोटोच आहेत.

श्रीगुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायात नरहरी ब्राह्मणाची कथा आहे. अंगभर कुष्ठ, लोकांनी टाकलेला, असा तो गाणगापुरी आला. श्रीगुरूंनी त्याला औदुंबराचं वाळलेलं लाकूड दिलं. सरपणाचं लाकूड हो! संगमावर रोव आणि दिवसातून तीन वेळा पाणी घाल म्हणाले. लोक हसले, वाळक्या लाकडाला कुठे पालवी फुटते? नरहरीने कोणाचं ऐकलं नाही. अन्नपाण्याची शुद्ध न ठेवता तो पाणी घालत राहिला. श्रीगुरूंनी स्वतः येऊन त्याचा भाव पाहिला, कमंडलूतलं पाणी शिंपडलं आणि त्या काष्ठाला पालवी फुटली. नरहरीचं कुष्ठही गेलं. आपण चमत्कारावर बोट ठेवतो आणि पाणी घालणाऱ्या दिवसांवरून घाईने पुढे जातो. त्या वाळक्या लाकडाचा फोटो कोणी काढला असता का? त्यात रूप काय होतं? नरहरीने रूप पाहिलंच नाही. गुरूंनी सोपवलंय, एवढंच पाहिलं.

तर त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आज देतो. बाळा, फोटो काढणं हे दर्शन आहे. दर्शनाला सेवेची जोड मिळाली की भक्ती होते. आणि फोटोची सेवाही मोठी करता येते, ती अशी.

आपल्या वस्तीतल्या एका जुन्या झाडाची निवड करा. त्याचा फोटो दर पौर्णिमेला एकाच जागेवर उभं राहून काढा. वर्षाचे बारा फोटो शेजारी शेजारी ठेवले की पालवी कधी, फळ कधी, फांदी कधी वाळली, सगळं बोलायला लागतं. नुसता डौल टिपू नका. बुंधा, साल, पान, फळ वेगवेगळं टिपा, म्हणजे जाणकाराला ओळख पटते. छातीच्या उंचीवर दोरीने घेर मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. बुंध्यावर खिळे असतील, सिमेंट भिडलं असेल, पिठ्या ढेकूण पडला असेल, तर तेही टिपा आणि संबंधितांना दाखवा. कागद चिकटवलेला दिसला तर सर्वांत आधी त्या कागदाचा फोटो काढा! आपल्या महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. 2021 साली त्यात दुरुस्ती झाली. 50 वर्षं आणि त्यापुढच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला, आणि तोडायची वेळ आलीच तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची असं ठरलं. पण झाड पन्नाशीचं आहे हे सांगणार कोण? तुमच्या आजोबांच्या लग्नातला फोटो सांगेल, त्यात मागे ते झाड उभं असेल. जुने अल्बम काढा. मागचं झाड ओळखा.

आणि आपण वडीलधाऱ्यांनीही थोडं सांभाळू. पार बांधताना फरशी बुंध्याला भिडवू नका, हातभर तरी माती मोकळी सोडा, मुळांनाही श्वास लागतो. निरांजन बुंध्याला टेकवून ठेवू नका, साल भाजते. नवसाचा खिळा ठोकू नका. वैशाखात एक बादली पाणी घाला. हे सगळं औदुंबराला करालच, पण शेजारच्या बिननावाच्या झाडालाही करा.

त्या पर्जन्यवृक्षाचा शेवटचा फोटो मी पुसलेला नाही. कोपऱ्यात कागद दिसतो तो. पारायणाला बसताना पोथीजवळ ठेवतो. त्या मुलांनी यंदा वस्तीतल्या जुन्या झाडांची वही करायला घेतली आहे. रविवारी मीही त्यांच्याबरोबर जातो, दोरीचं एक टोक धरायला.

हे दत्तात्रेया, तू ज्याला गुरू म्हटलंस त्या प्रत्येक झाडापुढे आमचे पाय थांबू देत. डोळे उघडे राहू देत, आणि समोर लिहिलेलं वाचायची बुद्धी दे.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!